घोडे किती, ओझे किती

मंडळी, गावात नवा ट्रॅक्टर किंवा नवी मालमोटार आली की पारावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती घोड्यांची?" कोणी म्हणतो पन्नास, कोणी म्हणतो शंभर. मग ज्याच्या गाडीचे घोडे अधिक, त्याच्या मिशीला पीळ अधिक. पण हे घोडे आले कुठून, ते खरोखर ओझे कसे ओढतात, आणि घाट उतरताना ते कुठे जातात, हे विचारणारा मात्र सहसा भेटत नाही. आज आपण तेच पाहू. हा इतिहास ऐकायला गमतीचा आहे. आपल्या दारातल्या गाडीशी आणि ती हाकणाऱ्या माणसाच्या जिवाशीही त्याचा संबंध आहे.

सुरुवात विलायतेत झाली. अठराव्या शतकात तिथल्या खाणींत पाणी साचे आणि ते उपसायला घोडे जुंपलेले असत. जेम्स वॉट या स्कॉटिश कारागिराने वाफेचे इंजिन सुधारून ते विकायला काढले, तेव्हा गिऱ्हाइकाचा प्रश्न साधा होता. हे यंत्र घेतले तर माझे किती घोडे मोकळे होतील? त्याचे उत्तर देता यावे म्हणून 1780 नंतरच्या दशकात वॉटने चरकाला जुंपलेल्या घोड्याच्या कामाचा हिशेब मांडला. मिनिटाला 33,000 पौंड वजन एक फूट उचलणे, एवढे काम म्हणजे एका घोड्याची शक्ती, असे त्याने ठरवले. तीच ही अश्वशक्ती.

पौंड-फुटांचा हिशेब बाजूला ठेवू आणि आपल्या विहिरीवर जाऊ. मेट्रिक मापात एक अश्वशक्ती म्हणजे 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे. आता जुन्या मोटेचे चित्र डोळ्यांसमोर आणा. मोटेत दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो पाणी आहे. विहीर दहा मीटर खोल आहे. बैलजोडी धावेवरून उतरली आणि वीस सेकंदांत मोट वर आली. दीडशे गुणिले दहा, भागिले वीस, म्हणजे बरोबर पंचाहत्तर. तेवढा वेळ तुमच्या जोडीने एका घोड्याचे काम केले! पुढे मोटेची जागा ऑइल इंजिनाने आणि विजेच्या मोटरीने घेतली, तरी आपण "पाच घोड्यांची मोटर" असेच म्हणतो. वॉटचा घोडा आपल्या विहिरीवर अजून पाणी उपसतो आहे म्हणायचा.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. अश्वशक्तीत वजन, अंतर आणि वेळ अशा तिन्ही गोष्टी आहेत. म्हणून शक्ती तेवढीच राहिली तरी दुप्पट ओझे हलवता येते, फक्त निम्म्या वेगाने. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, आणि घातकही ठरणार आहे.

आता बोरघाटाकडे वळू. ओझे चढवण्याची सारी विद्या या घाटाने आपल्याला डोळ्यांदेखत शिकवली आहे. फार पूर्वी कोकणातून देशावर माल चढे तो मुख्यतः बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून. पाठीवर गोणी लादलेला बैल साधारण सव्वा क्विंटल नेई, म्हणजे दोन बैल मिळून अडीच. 10 नोव्हेंबर 1830 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. तीच जोडी गाडीला जुंपली की सपाटीवर दहा क्विंटल सहज ओढते. बैल तेच आणि त्यांचे बळही तेच, मग फरक कशाने पडला? पाठीवर वाहणे वेगळे आणि चाकांवरून ओढणे वेगळे. चढ आला की मात्र गाडीवान पुढे आणखी एक जोडी जुंपी, आणि दम घ्यायला थांबला की चाकामागे दगडाची उटी लावी.

मग आगगाडी आली. बोरघाटातले रेल्वेचे काम 1856 साली सुरू झाले आणि 21 एप्रिल 1863 रोजी तो मार्ग खुला झाला. हजारो मजूर तिथे राबले आणि कितीतरी जण रोगराईने व अपघातांनी तिथेच मेले. सर्वांत तीव्र चढ 37 फुटांना एक फूट असा होता. ऐकायला तो किरकोळ वाटतो. पण सपाट रुळांवर एक टन ओढायला चार-पाच किलो जोर पुरतो, तिथे या चढावर दर टनाला आणखी 27 किलो जोर लागतो. म्हणून घाटात गाडीला जादा इंजिने लावावी लागली. आजही पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून इंजिने जोडतात. गाडीवानाची जादा जोडी ती हीच!

इकडे घाटात वाफेची इंजिने धापा टाकीत असताना तिकडे जर्मनीत रस्त्यावरची मालगाडी जन्माला येत होती. 1896 साली गॉटलीब डायमलरने पहिली मालमोटार बनवली. तिचे इंजिन अवघे चार घोड्यांचे होते, आणि तेवढ्यावर ती दीड टन माल वाही. हे कसे साधले? सावकाश चालून. इंजिन भरभर फिरते आणि दातेरी चाकांची जोडणी तो वेग कमी करून जोर वाढवते. यालाच आपण गिअर म्हणतो. पहारीने धोंडा उचलताना हात पुष्कळ खाली येतो आणि धोंडा बोटभरच हलतो, तसाच हा प्रकार.

1897 साली रुडॉल्फ डिझेलचे इंजिन आउग्सबर्ग गावी यशस्वी ठरले. ते वीसेक घोड्यांचे होते, पण त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा कितीतरी कमी इंधनात काम करी. ते होते मात्र फार अवजड. ते गाडीत बसण्याइतके हलके व्हायला 1923-24 साल उजाडले. डिझेलचा गुण असा की कमी फेऱ्यांतही त्याचा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, चांगला असतो. म्हणूनच ओझ्याच्या गाड्यांनी पुढे पेट्रोल सोडून डिझेल धरले.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली. 1914 साली डेट्रॉइटमधल्या ऑगस्ट फ्रूहॉफ नावाच्या लोहाराकडे एक लाकडाचा व्यापारी आला. त्याला आपली नाव फोर्ड मोटारीने तळ्यावर न्यायची होती. मोटार होती विसेक घोड्यांची, नाव तिच्यावर मावेना. लोहाराने दोन चाकांचा गाडा करून तो मोटारीच्या मागे जोडला. झाले, अर्धी वाहणारी आणि अर्धी ओढणारी गाडी तयार झाली. गाडीवानाला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, तेच मोटारीलाही लागू पडले. आजचे लांबलचक ट्रेलर आणि आपली ट्रॅक्टरची ट्रॉली या एकाच विचाराची लेकरे.

आपल्याकडे 1928 साली मुंबईत शिवडीला अमेरिकन गाड्यांची जुळणी सुरू झाली. 1947 पासून वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो बाहेर पडू लागल्या. 1954 साली टाटांनी जमशेदपूरला डायमलर-बेंझच्या सहकार्याने डिझेल मालमोटारी काढल्या. तो करार 1969 साली संपला, पण नावे देण्याची जर्मन रीत मागे राहिली. 'बारा-दहा' हे नाव म्हणजे एकूण वजन बारा टन आणि घोडे सुमारे दहा दाही शंभर. 1986 साली आलेली 'चारशे सात' म्हणजे चार टन आणि सुमारे सत्तर घोडे. किती घोडे आणि किती ओझे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे गाडीच्या कपाळावरच लिहिलेली! आपण मात्र शेवटचाच आकडा वाचतो, पहिला वाचत नाही.

गाडीवर माणसाचा जीव असतो हे खरे. बेंदराला बैलांची शिंगे रंगवणारा हात दसऱ्याला मालमोटारीला झेंडूची माळ घालतो, पाठीमागे लेकीचे नाव रंगवून घेतो. "माझ्या गाडीने कधी दगा दिला नाही," असे अभिमानाने सांगणारा चालक गावोगाव भेटतो. पण बैलाला दम लागला की तो थांबतो, मान टाकतो आणि धन्याला कळते. यंत्र मान टाकत नाही.

कसे ते पाहा. बारा टनांची गाडी वीस मीटरला एक मीटर अशा चढावर आहे. चढाचा विरोध बारा हजार भागिले वीस, म्हणजे 600 किलो. रस्त्याचा आणि टायरांचा विरोध 150 धरा. एकूण झाले 750. शंभर घोड्यांपैकी ऐंशी चाकांपर्यंत पोचले, तर 80 गुणिले 75 म्हणजे 6,000. त्याला 750 ने भागले की सेकंदाला आठ मीटर, म्हणजे ताशी सुमारे 29 किलोमीटर. आता त्याच गाडीत माल कोंबून वजन चोवीस टन केले. गाडी अडली का? नाही! खालचा गिअर टाकला की ताशी चौदा किलोमीटरने ती चढेल. रेडिएटरचे पाणी उकळेल, क्लच जळका वास देईल, पण चढेल. मालक म्हणेल, "पाहा, माझी गाडी दुप्पट ओढते!"

खरी परीक्षा पुढे आहे, घाट उतरताना. तीच बारा टनांची गाडी तोच उतार ताशी तीस किलोमीटरने उतरते आहे. उतार तिला 600 किलो जोराने पुढे ढकलतो. त्यातले 150 रस्ता खातो. उरलेले 450 कोणी तरी धरून ठेवायला हवेत. हिशेब केला तर ते पन्नास घोड्यांचे काम होते, आणि ते घाट संपेपर्यंत अखंड चालते. गाडी चोवीस टनांची असेल तर शंभर घोडे तिला मागून ढकलत असतात. चढताना इंजिन आपल्या बाजूने असते. उतरताना खालच्या गिअरमध्ये ते थोडेफार रोखून धरते, बाकीचा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक ती शक्ती उष्णतेत घालवतो, आणि फार तापला की धरेनासा होतो. डिझेल वाचवायला कोणी गाडी न्यूट्रल केली, तर इंजिनाचीही मदत गेली. सारे घोडे सुटले म्हणायचे!

रेल्वेवाल्यांनी हे ओळखले होते. बोरघाटाच्या उतारावर ठाकूरवाडी, नागनाथ अशा ठिकाणी रुळांचा एक फाटा डोंगराच्या चढाकडे काढलेला आहे. उतरणारी गाडी आधी थांबून ब्रेक धरतो हे दाखवते, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. बेफाम सुटलेली गाडी त्या फाट्यावर चढून थांबावी, अशी ती योजना. ज्या घाटात चढवायला इतकी इंजिने लावली, तिथे उतरवण्याचीही तेवढीच काळजी घेतली.

आपल्या रस्त्यावर मात्र असा फाटा क्वचित असतो. उसाच्या हंगामात पन्नास घोड्यांचा ट्रॅक्टर दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढताना आपण पाहतो. चढावर पुढची चाके उचलू लागतात, उतारावर ट्रॉल्या मागून ढकलतात. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टर ओढतो म्हणून आपण भरतो. पण तो ते ओझे थांबवू शकतो का, हे कोण विचारतो?

म्हणून शेतकरी बंधूंनो, गाडीला घोडे किती हे जरूर विचारा. त्याबरोबर ओझे किती आणि ब्रेक कुणाकुणाला आहे, हेही विचारा. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम मुलांना सांगा. आणि गुरुजी, आपल्याला एक विनंती आहे. वरचा हिशेब पाचवी-सातवीच्या गुणाकार-भागाकारातला आहे. तो एक दिवस फळ्यावर मांडा. वर्गातल्या कुणाचा बाप, कुणाचा भाऊ त्याच वेळी घाट उतरत असेल. संध्याकाळी घरी जाऊन पोराने तो हिशेब सांगितला, तर उद्या त्या गाडीत चार पोती कमी पडतील.