तानसा नदी

तानसा : वैतरणेची दक्षिणेकडील उपनदी. तिच्यावर शहापूर तालुक्यात १८९२ साली मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी धरण झाले, तेव्हापासून तिचे बरेचसे गोडे पाणी शहराकडे जाते. वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम कुंडांजवळून ती वसई तालुक्यात पारोळ, खानिवडे या बाजूला उतरते व वैतरणेला मिळते. हा प्रवाह अर्नाळ्याच्या उत्तरेस समुद्राला भेटतो. भरतीचे खारे पाणी पोहोचते तिथे तिवर, कांदळ, चिपी वाढतात. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसल्याने तिवराची श्वासमुळे खुंटांसारखी वर येतात. निवट्या, चिंबोऱ्या, कालवे यांचे घर तेच, आणि त्यांच्यावर टपलेले बगळे व खंड्येही तिथलेच. या जागेला पडीक समजणे चूक. सफेद चिपीला महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवृक्ष घोषित केले.