वचन आणि तरतूद : स्टुडबेकरची गोष्ट

गेल्या महिन्यात आमच्या युनिटचे एमटी जेसीओ पेन्शनचे कागद घेऊन माझ्या ऑफिसात आले. सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. २८ वर्षं सेवा झाली, आता घरी जायचे वेध लागलेत. सह्या चालू असताना ते म्हणाले, "साहेब, माझं ठीक आहे. आपल्याला सरकार देतंय. पण पोराचं काय? चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत लागलाय. उद्या कंपनीच राहिली नाही तर त्याच्या म्हातारपणाचं कोण बघणार?"

मी विचारलं, "सुभेदार साहेब, स्टुडबेकर हे नाव ऐकलंय का कधी?"

"ऐकलंय की! आमचे आजोबा एसटीच्या वर्कशॉपात होते. त्यांच्या तोंडात असायचं."

ते बरोबरच होतं. १९४८ साली मुंबई राज्यात एसटी सुरू झाली तेव्हा तिच्या ताफ्यात बेडफर्ड, शेवरोले, फोर्ड, लेलँड अशा दहा मेकच्या गाड्या होत्या. त्यातली एक स्टुडबेकर. त्याच सुमारास बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात स्टुडबेकरच्या गाड्या जुळवल्या जात. आज हे नाव फक्त विंटेज रॅलीत दिसतं. मग चहा मागवला आणि सुभेदार साहेबांना जी गोष्ट सांगितली, तीच इथे जरा विस्ताराने लिहितो आहे. या ब्लॉगचे बरेच वाचक पेन्शनर आहेत, त्यांना ती जवळची वाटेल.

गोष्टीची सुरुवात अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड या गावात होते. १८५२ च्या फेब्रुवारीत हेन्री आणि क्लेमंट स्टुडबेकर या दोन भावांनी तिथे लोहारकामाचं दुकान टाकलं. भांडवल ६८ डॉलर आणि भट्टीची हत्यारं. धंदा घोड्यांच्या नालांचा आणि मालवाहू गाड्या बनवण्याचा. भाऊ एकूण पाच. तिसरा जॉन १८५३ मध्ये सोनं शोधायला कॅलिफोर्नियात गेला. तिथे त्याने सोनं खणण्याऐवजी खाणकामगारांसाठी एकचाकी हातगाड्या बनवल्या. पाच वर्षांनी परतला तेव्हा गाठीला ८,००० डॉलर होते. सोन्यामागे धावणाऱ्यांपेक्षा त्यांना हातगाड्या विकणारा जास्त कमावून आला.

हे पैसे वेळेवर आले. सैन्याकडून गाड्यांचं काम मिळू लागलं होतं, आणि थोरला हेन्री अस्वस्थ होता. कुटुंब युद्धाला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचं. सैन्यासाठी गाड्या बनवणं हेन्रीच्या मनाला पटेना. १८५८ मध्ये जॉनने त्याचा हिस्सा विकत घेतला आणि हेन्री शेतीकडे वळला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या सैन्याला रसद वाहायला हजारो गाड्या हव्या होत्या आणि स्टुडबेकर त्या पुरवत होती. युद्ध संपल्यावर पश्चिमेकडे जाणाऱ्या कुटुंबांनी त्याच गाड्या घेतल्या. पुढे बोअर युद्धात ब्रिटिश सैन्यालाही त्यांनी गाड्या दिल्या.

या घराण्याचं एक बोधवाक्य होतं. त्याचा भावार्थ असा, की जेवढं कबूल केलं त्यापेक्षा थोडं जास्त द्या. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

घोड्यांचा जमाना संपत आला तेव्हा अमेरिकेतले बहुतेक गाडीवाले घोड्यांबरोबरच संपले. स्टुडबेकर टिकली. १९०२ मध्ये विजेवर चालणारी मोटार काढली, १९०४ मध्ये पेट्रोलवरची, आणि १९२० पर्यंत घोडागाडीचं काम पूर्ण बंद केलं. घोडागाडीच्या एवढ्या मोठ्या धंद्यातून मोटारीत येऊन दीर्घकाळ टिकलेली ही जवळजवळ एकमेव अमेरिकन कंपनी. हे सोपं नव्हतं. घोडदळातून रणगाड्यांकडे जाताना आपल्या जुन्या रेजिमेंट्सना किती जड गेलं, हे आपण वाचलं आहेच.

पहिला मोठा धक्का १९३३ चा. जागतिक मंदीत गाड्या खपत नव्हत्या. तरी अध्यक्ष आल्बर्ट अर्स्किन यांनी भागधारकांना कमाईपेक्षा कितीतरी जास्त लाभांश वाटला. मंदी लवकर सरेल हा त्यांचा अंदाज होता, आणि तो चुकला. मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जुलैमध्ये अर्स्किन यांनी आत्महत्या केली. पॉल हॉफमन आणि हॅरल्ड व्हान्स या दोघांनी कंपनी पुन्हा उभी केली. (हेच हॉफमन पुढे १९४८ मध्ये युरोपला सावरणाऱ्या मार्शल योजनेचे प्रशासक झाले.) १९३९ मध्ये 'चॅम्पियन' ही हलकी, कमी पेट्रोल खाणारी गाडी आली आणि कंपनीत जीव आला.

मग दुसरं महायुद्ध. साउथ बेंडमध्ये बी-१७ बॉम्बर विमानांची ६०,००० हून जास्त इंजिनं तयार झाली. बर्फातून आणि चिखलातून जाणारी 'वीझल' ही पट्ट्यांची गाडी तिथलीच. पण सगळ्यात गाजला तो यूएस-६ ट्रक. सुमारे दोन लाख ट्रक बनले आणि त्यातले बहुसंख्य सोव्हिएत रशियाला गेले. रशियन सैनिकांच्या तोंडी 'स्टुडबेकर' हे नाव एवढं बसलं की तो ट्रकसाठीचाच शब्द झाला. कात्युशा रॉकेटांचे लाँचरही याच ट्रकवर बसवले गेले. मॉस्कोतून दिसणारी लाल सेना १९४५ मध्ये बर्लिनला पोहोचली, त्यात या चाकांचा वाटा मोठा आहे.

रशियाला जाणारी ही मदत एका वाटेने इराणमधून जायची. सुट्या भागांतून ट्रक तिथे जुळवायचे आणि उत्तरेकडे हाकायचे. इराणच्या त्या वाटेवर आपले जवानही होते. रसद पोहोचवण्याच्या कामाबद्दल रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंह यांना सोव्हिएत सरकारने 'ऑर्डर ऑफ द रेड स्टार' दिलं. एएससीवाल्यांना 'डाळ-तांदूळवाले' म्हणून चिडवणाऱ्या माझ्यासारख्या इन्फन्ट्रीवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

युद्धानंतर स्टुडबेकर जोरात होती. बाकी कंपन्या युद्धापूर्वीचीच मॉडेलं विकत असताना तिने १९४७ साठी संपूर्ण नवी गाडी आणली. रेमंड लोई यांच्या स्टुडिओतून आलेली ही गाडी इतकी वेगळी होती, की ती पुढे जाते आहे की मागे, असा विनोद लोक करत. १९५० मध्ये कार आणि ट्रक मिळून ३ लाखांहून जास्त वाहनं बाहेर पडली. बापलेक एकाच कारखान्यात शेजारी शेजारी काम करतात, अशी जाहिरात कंपनी करायची, आणि ती खरी होती.

इथेच उताराची सुरुवात आहे.

युद्धाच्या वर्षांत हातात पैसा आला होता. तो जुने, बहुमजली कारखाने नवे करण्यात घालायला हवा होता. त्यातला बराच लाभांशात गेला. संप नको म्हणून कामगारांना प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त मजुरी दिली. सगळे खूश होते. गाडी बनवण्याचा खर्च मात्र वाढत राहिला. १९५३ मध्ये अतिशय देखणी कूपे आणली, पण लोकांना कूपे हवी असताना कारखान्याने सेदान जास्त बनवल्या. त्यात सुरुवातीला पुढचे पत्रे नीट जुळेनात, उत्पादन अडकलं. त्याच वेळी फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्यात किमतींची लढाई जुंपली. दोन हत्ती झुंजले की पायाखालचं गवत तुडवलं जातं.

१९५४ मध्ये पॅकार्ड या दुसऱ्या जुन्या, प्रतिष्ठित कंपनीशी स्टुडबेकर एकत्र आली. दोघी बुडत होत्या आणि दोघींनी एकमेकींना धरलं. पॅकार्ड हे नाव १९५८ मध्ये संपलं. १९५९ च्या 'लार्क' या छोट्या गाडीने थोडी उसंत दिली, १९६२ च्या 'अवंती'ने कौतुक मिळवलं. तोटा थांबला नाही. ९ डिसेंबर १९६३ ला साउथ बेंडचा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. नाताळाच्या तोंडावर सुमारे ७,००० माणसं घरी बसली. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये गाड्या आणखी थोडा काळ बनल्या. मार्च १९६६ मध्ये तेही थांबलं.

कंपन्या बुडतात, त्यात नवल नाही. नवल पेन्शनचं आहे.

स्टुडबेकरने १९५० मध्ये कामगार संघटनेशी करार करून पेन्शन योजना सुरू केली होती. आधी झालेल्या नोकरीच्या वर्षांचीही पेन्शन कबूल केली. पण त्यासाठी लागणारा पैसा लगेच बाजूला ठेवायचा नव्हता. तो ३० वर्षांत हळूहळू भरायचा होता. पुढे पगारवाढ परवडेना, तेव्हा पेन्शन वाढवून दिली. ते सोपं होतं, कारण वाढीव पेन्शन द्यायची वेळ उद्याची होती, आणि आज टेबलावर फक्त कागद ठेवायचा होता. असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. कारखाना बंद झाला तेव्हा तीस वर्षांपैकी निम्मीही सरली नव्हती.

१९६४ मध्ये हिशेब झाला. सुमारे ३,६०० जणांना, म्हणजे निवृत्त झालेल्यांना आणि साठी गाठलेल्यांना, पूर्ण पेन्शन मिळाली. ४० ते ५९ वयाच्या सुमारे ४,००० कामगारांना त्यांच्या हक्काच्या सुमारे १५ टक्के एकरकमी रक्कम मिळाली. या गटाचं सरासरी वय ५२ आणि सरासरी नोकरी २३ वर्षं. उरलेल्या सुमारे २,९०० जणांना काहीच मिळालं नाही.

बावन्नाव्या वर्षी, तेवीस वर्षं एका ठिकाणी घाम गाळून, रुपयातले पंधरा पैसे. आणि गाव असं, की दुसरी नोकरी शोधायची तर शेजारीही तीच शोधतोय.

यात कोणी तिजोरी फोडली नव्हती. योजना कायद्याला धरून होती, संघटनेचीही सही होती. पैसा कमी पडू शकतो, हे जाणकारांना माहीत होतं. म्हणूनच प्रकरण संसदेपर्यंत गेलं. इंडियानाचे सिनेटर व्हान्स हार्टके यांनी १९६४ मध्येच पेन्शनला विम्याचं संरक्षण देणारं विधेयक मांडलं. न्यूयॉर्कचे सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. अखेर २ सप्टेंबर १९७४ ला, तिकडच्या कामगार दिनी, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी 'एरिसा' या कायद्यावर सही केली. त्याने पेन्शनसाठी पैसा बाजूला ठेवण्याचे नियम घातले, ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतर हक्क पक्का केला आणि कंपनी बुडाली तर मर्यादेपर्यंत पेन्शन देणारी सरकारी विमा संस्था उभी केली. साउथ बेंडच्या त्या चार हजारांना त्याचा उपयोग झाला नाही. त्यांच्या नंतरच्या लाखोंना झाला.

आणखी एक गोष्ट सैनिक वाचकांसाठी. कारखाना बंद झाला तेव्हा स्टुडबेकरकडे सैन्याच्या ट्रकचं कंत्राट होतं. ते काम १९६४ मध्ये कैसर जीप कंपनीने घेतलं. त्यातूनच पुढे एएम जनरल झाली, जिने साउथ बेंडच्या शेजारी मिशवाकात 'हमव्ही' बनवली. शंभर वर्षांपूर्वी ज्या कामापायी हेन्रीने दुकान सोडलं, तेच काम कंपनी गेल्यावरही मागे उरलं.

अकादमीत ऑपरेशन ऑर्डर लिहायला शिकवतात. तिचे पाच परिच्छेद असतात आणि चौथा असतो प्रशासन व रसद. हल्ला कसा करायचा हे तिसऱ्या परिच्छेदात कितीही झकास लिहा. दारूगोळा, पाणी, जखमींना मागे आणणं हे चौथ्यात नसेल तर इन्स्ट्रक्टर तुमचा कागद तोंडावर फेकतो. स्टुडबेकरच्या पेन्शन योजनेत चौथा परिच्छेद कच्चा होता. देणाऱ्यांची नियत वाईट होती असं मला वाटत नाही. कबूल केलं त्याहून जास्त द्यायची त्या घराची रीतच होती. पण शेवटी कबूल करणंच जास्त झालं, आणि देणं मागे राहिलं.

आपली सैन्याची पेन्शन कुठल्या कंपनीच्या नफ्यावर अवलंबून नाही. ती दरवर्षी देशाच्या अर्थसंकल्पातून येते. तिच्या आकड्यांवर वाद होतात, आपणही तावातावाने करतो. पण महिन्याच्या शेवटी खात्यात जमा होणाऱ्या त्या रकमेमागे किती मोठं ओझं कोण वाहतं आहे, याची जाणीव ठेवावी, असं मला ही गोष्ट वाचल्यापासून वाटतं.

सुभेदार साहेबांचा चहा गार झाला होता. थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे साहेब, पोराला सांगतो, कंपनी काय देणार ते नंतर विचार. पैसे कुठं ठेवलेत, ते आधी विचार."

त्यांनी टोपी घातली, सॅल्यूट केला आणि फाइल घेऊन गेले. मला एवढं लिहायला लागलं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

ज्यांनी एसटीत, सैन्यात किंवा घरी कधी स्टुडबेकर चालवली किंवा दुरुस्त केली असेल, त्यांनी आठवणी जरूर कळवाव्यात. वाट पाहतो.

जय हिंद.