धर्मभगिनी आणि दुधाचा डबा

अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या धर्मसंघांनाही पुंजी बाळगावीच लागते. वृद्ध भगिनींचा औषधोपचार काही केवळ प्रार्थनेवर चालत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन येथे असलेल्या ‘मौल्यवान रक्ताच्या भगिनी’ या संघाकडे ब्रिस्टॉल-मायर्स या औषध कंपनीचे काही समभाग होते. या कंपनीची एक उपकंपनी ‘एन्फामिल’ ही बालकांची दूधभुकटी तयार करीत असे.

गरीब देशांत अशा भुकटीचा प्रचार कसा होई, हे तोवर उजेडात आले होते. परिचारिकेच्या वेशातील विक्रेत्या बाळंतिणींना गाठत. नमुन्याचे डबे फुकट वाटले जात. डबा संपेतो आईचे दूध आटलेले असे. पुढचा डबा मजुरीत परवडेना, म्हणून भुकटी पातळ कालवली जाई. त्यात पाणी दूषित. हगवणीने आणि कुपोषणाने तान्ही मुले दगावत.

समभाग विकून हात झटकणे भगिनींना सोपे होते. परंतु विकलेला समभाग दुसऱ्या कोणाच्या तरी तिजोरीत जातो. डबा जिथल्या तिथे राहतो. त्यांनी भागधारक म्हणून ठराव मांडला: परदेशांतील विक्रीपद्धतीची माहिती द्यावी. दारिद्र्य वा अज्ञानामुळे गैरवापर संभवतो तेथे आपण प्रचार करीतच नाही, असे व्यवस्थापनाने भागधारकांना छापील पत्रकातून कळविले. हे विधान दिशाभूल करणारे आहे, असा दावा भगिनींनी एप्रिल १९७६ मध्ये न्यायालयात लावला. वाद दुधाचा खरा, पण खटला उभा राहिला तो एका छापील वाक्याच्या सत्यतेवर! अनेक देशांतून त्यांनी पुरावे गोळा केले.

मे १९७७ मध्ये न्यायमूर्ती मिल्टन पोलॅक यांनी दावा फेटाळला. ठराव बंधनकारक नव्हता, सबब भागधारकांची भरून न येणारी हानी झालेली नाही, हे त्यांचे कारण. कायद्याच्या तराजूत बालकांची हानी बसत नव्हती. भगिनींनी अपील केले. १९७८ च्या प्रारंभी तडजोड झाली आणि दोन्ही पक्षांची बाजू मांडणारा अहवाल कंपनीने आपल्या भागधारकांना पाठविला. न्यायालयात हरलेल्या भगिनींना हवी होती ती हीच गोष्ट.

पुढे १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने दूधभुकटीच्या विक्रीविषयी आचारसंहिता संमत केली. ११८ राष्ट्रे अनुकूल, विरोधात एकटी अमेरिका. भारताने १९९२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. फुकट नमुने वाटण्यास त्याने बंदी घातली. डब्यावर बालकाचे चित्र छापण्यासही मनाई केली.