बॉनेटखालच्या मोकळ्या जागेची कुळकथा

प्रदर्शनात मांडलेल्या 1992 ते 1995 मधल्या एखाद्या होंडा सिव्हिकचं बॉनेट उघडं ठेवलेलं असतं. बघणाऱ्याची नजर आधी इंजिनावर जाते, आणि मग लक्षात येतं की आत इंजिनाशिवाय जवळजवळ काहीच नाही. वायरींचा गुंता नाही, बॅटरी नाही, फ्यूजचा डबा नाही, काच धुण्याच्या पाण्याची टाकी नाही. इंजिन आणि प्रवासी यांच्यामधला पत्रा, म्हणजे फायरवॉल, गुळगुळीत आणि गाडीच्याच रंगात रंगवलेला असतो. त्यावर भोक नाही, ब्रॅकेट नाही, पत्र्याचा सांधासुद्धा दिसत नाही. तरीही ही गाडी स्वतःच्या चाकांवर चालत प्रदर्शनात आलेली असू शकते.

अमेरिकेतल्या होंडाप्रेमी मंडळींत या कामाला ‘शेव्ह अँड टक’ म्हणतात. नको ते तासून टाकायचं, हवं ते नजरेआड न्यायचं. ही कला त्यांनीच जन्माला घातली असा सर्रास समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. हिचं कूळ बरंच जुनं आहे, आणि त्यात एकमेकांशी फारसं न पटणारी दोन घराणी एकत्र आली आहेत: वेगासाठी गाडीतून वस्तू काढून टाकणाऱ्यांचं एक, आणि रूपासाठी पत्रा गुळगुळीत करणाऱ्यांचं दुसरं.

इंजिन ही बघण्याची वस्तू आहे, ही जाणीव त्याहून आधीची. एत्तोरे बुगाटी हा मिलानमध्ये जन्मलेला माणूस. वडील कार्लो नामांकित फर्निचरकार, भाऊ रेम्ब्रांट शिल्पकार. एत्तोरेनं 1909 मध्ये मोल्सहाइमला कारखाना काढला आणि 1924 मध्ये टाइप 35 ही शर्यतीची गाडी आणली. तिचं इंजिन म्हणजे सपाट पृष्ठांचा, काटकोनी कडांचा ठोकळा. तेलाच्या नळ्या आणि फाटे बाहेर लोंबू न देता शक्य तितके आत घ्यायचे, ही त्याची पद्धत होती. अमेरिकेत 1928 च्या अखेरीस आलेल्या ड्यूसेनबर्ग मॉडेल जे गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन हिरव्या रंगात रंगवलेलं असे आणि त्यावर निकेल-क्रोमचं काम व चकाकतं अ‍ॅल्युमिनियम उठून दिसे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी याच ड्यूसेनबर्गची सुपरचार्जरवाली गाडी घेतली होती आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधली होती. मात्र ही सगळी श्रीमंतांची हौस होती आणि कारखान्यातून तयार होऊन येत होती. स्वतःच्या हातानं इंजिनाची जागा मोकळी करणारी माणसं दुसरीकडेच होती.

ती होती दक्षिण कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोजावे वाळवंटात म्युरोक, एल मिराज अशी कोरडी तळी आहेत, मैलोन्‌मैल सपाट आणि कडक मातीची. 1930 च्या दशकात तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन तिथं वेगाच्या चाचण्यांना जात. 1932 मध्ये फोर्डनं सामान्यांना परवडेल असं व्ही-8 इंजिन आणलं होतं, 221 घनइंचांचं आणि 65 अश्वशक्तीचं. ही इंजिनं भंगारातही स्वस्तात मिळू लागली. 1937 मध्ये या पोरांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. गाडी हलकी करायची म्हणून मडगार्ड काढले, दिवे काढले, पुढची काच काढली. पुष्कळांनी बॉनेटही काढून टाकलं. त्यामुळे इंजिन उघड्यावर आलं. जे रोज डोळ्यांसमोर असतं ते माणूस आपोआप स्वच्छ ठेवू लागतो. मोकळ्या इंजिन-बेचा, म्हणजे बॉनेटखालच्या इंजिनाच्या जागेचा, पहिला उगम मला इथं दिसतो. इथं सौंदर्याचा विचार कुणीच केला नव्हता. वजन कमी झालं आणि सौंदर्य त्यामागून आलं.

दुसरं घराणं त्याच राज्यातलं, पण वेगळ्या वृत्तीचं. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांसारखे कारागीर गाड्यांची दारं, डिकी, नाक यांवरची कारखान्याची सगळी सजावट उतरवू लागले. दाराच्या मुठी काढायच्या, बोधचिन्हं काढायची, उरलेली भोकं बुजवायची आणि दार उघडायला लपवलेलं विजेचं बटण ठेवायचं. तेव्हा आजच्यासारखी लांबी नव्हती. कारागीर शिसं आणि कथील यांचा मिश्रधातू ज्योतीवर मऊ करत आणि मेण लावलेल्या लाकडी फळीनं लोण्यासारखा पत्र्यावर पसरत. मग कानस आणि पॉलिश पेपर. 1952 मध्ये पुरी झालेली ‘हिरोहाता मर्क’, म्हणजे 1951 ची मर्क्युरी, ही बॅरिस बंधूंची सर्वांत नावाजलेली गाडी. भोक बुजवण्याचं हे कसब बाहेरच्या पत्र्यावर तयार झालं आणि तिथून पुढे बॉनेटखाली उतरलं.

या दोन्ही घराण्यांना एका छताखाली आणलं प्रदर्शनांनी. वेगासाठी बदललेल्या अशा जुन्या गाड्यांना ‘हॉट रॉड’ म्हणत. ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक जानेवारी 1948 चा. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. पुढच्या वर्षी ओकलंडचा रोडस्टर शो सुरू झाला आणि 1950 पासून तिथं ‘अमेरिकेतली सर्वांत सुंदर रोडस्टर’ ठरवून मोठी ट्रॉफी देण्याची प्रथा पडली. पहिला मान मिळाला बिल नीकॅम्प यांच्या 1929 च्या फोर्डला. मला या गाडीबद्दल विशेष आदर आहे, कारण ती प्रदर्शन जिंकून गॅरेजात बसली नाही. एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर ती ताशी 140 मैलांहून अधिक वेगानं धावली. सौंदर्याचा पहिला मानकरी धावणारा होता, ही गोष्ट पुढच्या काळात अनेकांनी विसरायला नको होती.

आता या कुळकथेतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा येतो, आणि त्याचा गाड्या सजवण्याशी सकृद्दर्शनी काही संबंध नाही. ज्या लॉस एंजेलिसनं हॉट रॉडला जन्म दिला, त्याच शहरावर 1940 च्या दशकात डोळे चुरचुरवणारं तपकिरी धुकं उतरू लागलं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करणाऱ्या आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञानं 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की इंधनातली हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ते धुकं तयार होतं. म्हणजे गुन्हेगार होती मोटार. त्यानंतर बॉनेटखाली एकेक वस्तू येत गेली. 1961 च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात इंजिनाच्या पोटातली वाफ पुन्हा जाळण्यासाठी झडप बसवू लागले. 1970 मध्ये क्लीन एअर अ‍ॅक्ट कडक झाला. मग धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारी झडप आली, पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा आला, 1975 च्या गाड्यांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. यातल्या बऱ्याच गोष्टी निर्वाताच्या बारीक रबरी नळ्यांनी चालवायच्या, त्यामुळे इंजिनाभोवती नळ्यांचं जाळं तयार झालं. जोडीला पॉवर स्टिअरिंगचा पंप, एअर कंडिशनिंगचा कॉम्प्रेसर, पुढे एबीएसचा ठोकळा आणि इंधन-इंजेक्शनचे सेन्सर. 1932 च्या फोर्डचं बॉनेट उघडलं की जमीन दिसत असे. 1980 च्या दशकातल्या गाडीत इंजिन शोधावं लागे.

होंडाची अमेरिकेतली गोष्ट इथंच गुंफली गेली आहे. या कंपनीनं सीव्हीसीसी नावाचं इंजिन काढलं आणि 1975 च्या सिव्हिकमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय कायद्याची अट पुरी करून दाखवली. गाडी स्वस्त, टिकाऊ, पेट्रोल कमी खाणारी. ती घराघरांत गेली आणि पुढं या सिव्हिक जुन्या होऊन घरातल्या पोरांच्या हाती आल्या. ज्या धुक्यानं बॉनेटखाली गर्दी केली, त्याच धुक्यामुळे होंडा कॅलिफोर्नियात रुजली, आणि होंडावाल्यांनीच पुढे ती गर्दी हटवण्याचं शास्त्र बनवलं.

मधल्या काळात हॉट रॉडच्या बाजूला बॉइड कॉडिंग्टन उभा राहिला. हा दिवसा डिस्नेलँडमध्ये मशिनिस्ट म्हणून काम करी आणि उरलेल्या वेळात गाड्या बनवी. लिल जॉन बुटेरा यानं 1970 च्या दशकात अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून गाडीचे सुटे भाग कोरून काढण्याचा पायंडा पाडला होता. कॉडिंग्टननं तो उचलला आणि त्याला सपाट, भोक नसलेल्या फायरवॉलची, लपवलेल्या बिजागऱ्यांची जोड दिली. त्याच्या कार्यशाळेतली 1933 ची फोर्ड रोडस्टर 1982 मध्ये ओकलंडची ट्रॉफी घेऊन गेली. बॅरिस बंधूंचं बाहेरचं कसब बॉनेटखाली पूर्णपणे उतरलं ते या पिढीत.

1990 च्या दशकात सिव्हिकवाल्यांची पिढी पुढे आली. त्यांना लागलेला पहिला ध्यास होता इंजिन बदलण्याचा. होंडानं 1989 मध्ये जपानी बाजारात बी16ए हे 1.6 लिटरचं, 160 अश्वशक्तीचं व्हीटेक इंजिन आणलं होतं आणि ते सिव्हिकमध्ये फारशी कापाकापी न करता बसतं, हे या मुलांच्या ध्यानात आलं. इंजिन बाहेर निघालं की समोर रिकामी जागा येते. रिकामी जागा समोर असताना ती तशीच मळकी ठेवून वर चकचकीत इंजिन बसवणं कुणाला पटणार? इथून टक सुरू झालं.

काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. आधी सगळ्या वायरी सोडवून एकेकीला चिठ्ठी लावायची. अमेरिकन सिव्हिकमध्ये इंजिनाचा मेंदू, म्हणजे ईसीयू, चालकाशेजारच्या प्रवाशाच्या पायापाशी असतो आणि तिथून वायरींचा जाड जुडगा फायरवॉलमधून पुढे येतो. दिव्यांच्या वायरी मडगार्ड आणि आतला पत्रा यांच्यामधल्या पोकळीतून न्यायच्या. फ्यूजचा डबा डॅशबोर्डखाली, बॅटरी डिकीत. रस्ता लांबला की वायरी कमी पडतात, मग प्रत्येक वायर कापून त्याच जाडीचा, शक्यतो त्याच रंगाचा तुकडा सोल्डरनं जोडायचा आणि वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवायची. क्रँकच्या सेन्सरची वायर जाळीच्या आवरणाची असते. तिचं आवरण जोडाच्या ठिकाणी तुटलं तर बाकीच्या विजेचा गोंधळ तिच्यात शिरतो आणि इंजिन मधूनच अडखळतं. नवखा माणूस इथंच फसतो.

मग पत्रा. कारखान्यात ब्रॅकेट स्पॉट वेल्डनं चिकटवलेले असतात. प्रत्येक वेल्ड ड्रिलनं काढून ब्रॅकेट अलगद उचकटायचा. पत्र्यांच्या सांध्यांवरचा मसाला खरवडायचा, सांधे वेल्ड करायचे, भोकांवर पत्र्याचे तुकडे कापून बसवायचे आणि सलग एका ठिकाणी न वेल्डता लांबलांब टाके घालत जायचं, नाहीतर उष्णतेनं पत्रा वाकतो. लांबी अगदी पातळ लावायची. सस्पेन्शनच्या मनोऱ्यापाशी पत्र्याला सतत हिसके बसतात आणि जाड लांबी तिथं तडकते. मग प्रायमर, वॉटर पेपर, पुन्हा प्रायमर, पुन्हा वॉटर पेपर. हे घासकाम कुणाला दिसत नाही, पण रंगाची सगळी भिस्त त्यावरच असते.

सर्वांत जोखमीचं काम ब्रेकच्या नळ्यांचं. त्या फायरवॉलवरून काढून केबिनमधून किंवा गाडीखालून नेतात. प्रत्येक वाक नेमका हवा, नळी कुठंही घासता कामा नये, सांधा पाझरता कामा नये. बॅटरीचंही तसंच. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींचे नियम ठरवणारी एनएचआरए बॅटरी मूळ जागेवरून हलवली असेल तर वीज तोडणारा मुख्य स्विच बसवायला लावते. बॅटरीपासून पुढे येणाऱ्या जाड केबलला बॅटरीजवळच फ्यूज असावा, हे कुठलाही जाणता वायरिंगवाला सांगेल.

दडवणं आणि काढून टाकणं यांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. पाण्याची टाकी गेली तर काच मळकी राहील, एवढंच. पण धूर आवरणारी उपकरणं काढून फेकणं ही वेगळी बाब आहे. कॅलिफोर्नियात 1984 पासून स्मॉग चेक आहे आणि त्यात नळकांड्यातला धूर स्वच्छ निघाला तरी नेमून दिलेलं उपकरण जागेवर नसेल तर गाडी नापास होते. हागेन-स्मिटच्या शहरात दुसरा न्याय शोभलाही नसता. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की निर्मात्यानं ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे बंधन उचलून धरलं. तेव्हा जुन्या होंडा सिटी व्हीटेकवर जीव टाकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी इंजिन बदलण्याआधी आरटीओत जाऊन चौकशी करावी. वायरी नीट बांधणं, पत्रा स्वच्छ करून रंगवणं, नळ्यांचे रस्ते सुधारणं, एवढं मात्र मूळ इंजिन ठेवूनही करता येतं आणि त्यातच या कलेचा मोठा भाग आला.

ज्या बेमधून वस्तू नुसत्या फेकून दिल्या आहेत, तिला मी दुय्यम मानतो. प्रत्येक वस्तू आपलं काम चोख करते आहे आणि तरी दिसत नाही, ते काम पहिल्या प्रतीचं. अशी गाडी प्रदर्शनात भेटली तर रंगाचं कौतुक नंतर करा. आधी मालकाला विचारा, ब्रेकची नळी कुठून नेली आहे आणि धुराची उपकरणं कुठं बसवली आहेत. ज्यानं काम मनापासून केलं असेल तो गाडीखाली वाकून तुम्हाला दाखवेल.