शिक्षण परिषद (केंद्रस्तरीय)

एका केंद्रातील प्राथमिक शिक्षकांची, साधारणपणे महिन्यातून एकदा भरणारी अध्ययन बैठक. आसपासच्या सुमारे दहा शाळा मिळून एक केंद्र होते. बैठक केंद्रशाळेत किंवा पाळीपाळीने इतर शाळांत भरते व तिची जबाबदारी केंद्रप्रमुखाकडे असते. जवळच्या शाळा एकमेकींना बांधाव्यात ही सूचना कोठारी आयोगाने (1964-66) शाळा संकुलाच्या रूपाने केली होती. महाराष्ट्रात 1994 साली केंद्रप्रमुखांची 4,860 पदे निर्माण झाली आणि ही रचना गावपातळीवर आली.

परिषदेचे मोल कळते ते प्रशिक्षणाच्या प्रचलित उतरंडीशी तुलना केल्यावर. राज्यस्तरावर तयार झालेले सुलभक जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका शिक्षकांना. दर पायरीवर आशय पातळ होतो आणि परतल्यावर वर्गात काय घडले हे विचारायला कोणी येत नाही. परिषदेतले शिक्षक मात्र महिन्याभराने पुन्हा भेटणारच असतात.

चांगल्या परिषदेत एक शिक्षक त्याच शाळेतील मुलांना प्रत्यक्ष पाठ देतो. बाकीचे मागे बसून शिक्षकाकडे नव्हे, मुलांच्या हातांकडे पाहतात. दुसरीतले मूल ‘पंचवीस’ ऐकून 52 लिहिते. ही बेफिकिरी नव्हे. मराठीत पाच आधी ऐकू येतात, वीस नंतर, आणि लिहायचे असतात दोन आधी. ‘एकोणतीस’ म्हटले की हात तिसाच्या घरात जातो. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवल्या की चूक नेमकी कुठे होते ते दिसते, आणि पाठानंतरच्या चर्चेचा विषय तोच असतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादाचे मूळ याच अडचणीत होते आणि ती सर्वांत जवळून पाहणारी माणसे वर्गात उभी होती.

एकमेकांचे वर्ग पाहून शिकण्याच्या दृष्टीने सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट (काही केंद्रे मिळून होणारा विभाग) हे महत्त्वाचे उदाहरण. 22 जून 2015 रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. त्या काळात राज्यभरातून शिक्षक तिथल्या जिल्हा परिषद शाळा पाहायला गेले. फरशीवरच्या रेखाटनांभोवती गटागटाने बसून शिकणारी मुले त्यांनी पाहिली. फरशा रंगवणे सोपे होते, म्हणून काही ठिकाणी तेवढेच उचलले गेले. मुलाला स्वतः शोधू द्यायचे आणि तोवर आपण थांबायचे, हे अवघड काम मागे राहिले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. ऑनलाइन अभ्यासक्रमांतून तास भरतात, प्रमाणपत्रही मिळते. शेजारच्या शाळेतील बाईंनी आपला पाठ पाहण्याची जागा मात्र ते घेत नाहीत.

परिषदेचा वेळ खाणारी गोष्ट म्हणजे परिपत्रके व माहितीचे तक्ते. ते आधी घेतले की पाठ दुपारी, सगळे थकल्यावर येतो. केंद्रप्रमुखाचे पद रिक्त असेल, तर एखाद्या मुख्याध्यापकाला आपली शाळा सांभाळून हे काम करावे लागते. द्विशिक्षकी शाळेची अडचण वेगळीच. दोघेही गेले तर शाळेला कुलूप लागते. म्हणून एक जण जातो आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, खिचडीचे वाटप चालू असताना, पाहिलेला पाठ दुसऱ्याला सांगतो.