वस्ताद कुणाचा करावा?

माझा पुतण्या बँकेत आहे. पोट सुटलं म्हणून त्यानं जिममध्ये नाव घातलं. तिथं म्हणे आपल्यापुरता शिक्षक वेगळा निवडायचा असतो आणि त्याचे पैसेही वेगळे मोजायचे असतात. भिंतीवर पाच जणांचे फोटो, पाचांचेही दंड सारखेच फुगलेले. ‘चाचा, यातला कुठला घेऊ?’ असं त्यानं मला विचारलं. ज्यानं जन्मात सलग पन्नास जोर मारले नाहीत, त्या कवीला! पण शब्दांशी माझा संबंध आहे, म्हणून मी त्याला आधी शब्दच सांगितला.

‘वस्ताद’ म्हणजे फारसीतला उस्ताद. मराठीनं त्याला पुढे ‘व’ जोडला, अंगाला लाल माती फासली आणि हौद्यात उतरवलं. ‘पहिलवान’ फारसीतलाच. ‘तालीम’ अरबी, मूळ अर्थ शिक्षण. मारुतीच्या तसबिरीला नमस्कार करून आपला पहिलवान तालमीत वस्तादासमोर उभा राहतो, तेव्हा या शब्दांचं कुळगोत्र कुणी विचारत नाही. माणसाचं मात्र विचारतात: ‘पट्ठा कुणाचा?’ कोणती परीक्षा पास झालास, असं नाही.

उस्तादाविषयी सादीच्या ‘गुलिस्तान’मध्ये एक गोष्ट आहे. एका मल्लाला ३६० डाव येत होते. आवडत्या शागिर्दाला त्यानं ३५९ शिकवले, एक मागे ठेवला. पोरगा पुढे बादशहासमोर बढाई मारू लागला की, ताकदीत मी उस्तादापेक्षा कमी नाही. कुस्ती लागली आणि उस्तादानं तो राखलेला डाव टाकून त्याला आपटला. लहानपणी मी उस्तादाच्या बाजूचा होतो. आता वाटतं, बढाईखोर असला तरी त्या पोरानंही वर्षं घातली होती. डाव राखून शिकवणाऱ्याकडे शिकायचं तरी किती?

याच्या अगदी उलट गोष्ट बडोद्याची. तिथं जुम्मादादा नावाचे वस्ताद होते. मुसलमान, कुस्तीत आणि शस्त्रविद्येत मुरलेले. त्यांच्या आखाड्यात गजानन यशवंत तांबे हा मराठी मुलगा दाखल झाला. हाच पुढे प्रोफेसर माणिकराव म्हणून गाजला. बडोदे दरबारनं त्यांना ‘राजरत्न’ केलं. माणिकराव हाडवैद्यही होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सांधा कुठे निखळतो आणि तो परत कसा बसवायचा, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती शरीर द्यायला भीती वाटत नाही. एवढं नाव झालं, पण माणिकरावांनी व्यायाममंदिर चालवलं ते जुम्मादादांच्या नावानं. तांबे आडनावाचा शिष्य हयातभर मुसलमान गुरूच्या नावाखाली पोरं घडवत राहिला. बडोद्याचं नाव निघालं की मला आधी हे आठवतं.

या आखाड्यात १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. शरीराची शिस्त त्यानं माणिकरावांकडून घेतली. योगासाठी मात्र तो १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडे गेला. एकाच गुरूकडून सगळं मिळावं असा हट्ट त्यानं धरला नाही. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून क्ष-किरणांच्या मदतीनं आसनं-प्राणायामाची तपासणी करणारे स्वामी कुवलयानंद ते हेच. त्यांच्या मागे माणिकराव आणि माणिकरावांच्या मागे जुम्मादादा, ही साखळी किती जणांना माहीत असेल?

दुसरा गुरू करावा लागतो याचा दाखला आपल्या कऱ्हाडकडचाही आहे. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, ते मातीतल्या कुस्तीवर वाढलेले. मुकाबला होता गादीवर. अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना त्या कुस्तीतल्या खुब्या शिकवल्या. खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं. मातीतली मेहनत वाया गेली नव्हती आणि गादीचा धडाही चुकला नव्हता.

पुतण्याला मी एवढंच म्हणालो, ‘फोटो बघू नकोस, त्यांची पोरं बघ. दोन वर्षं शिकलेल्याचे गुडघे कसे आहेत ते विचार.’ तो आठ दिवस नुसता बाकावर बसून बघत राहिला. शेवटी फोटोत नसलेल्या, सकाळच्या पाळीला येणाऱ्या एका वयस्क गृहस्थांकडे गेला. त्यांनी पहिल्या दिवशी वजनाला हातच लावू दिला नाही. श्वास मोजायला लावला, जिना चढायला लावला आणि विचारलं, ‘पूर्वी कधी पडला होतास का?’

पडला होता. सातवीत असताना, सायकलवरून. आम्ही घरातले विसरलो होतो.