कप्तानाचा वेग आणि बेदाण्यांची मूठ

१.
कुपवाडहून सांगली, जयसिंगपूर, हातकणंगलेमार्गे कोल्हापूर गाठून परतणे म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरची सायकलस्वारी. सरावाला निघालेल्या गटापुढे पहिल्या तासातच दोन प्रश्न उभे राहतात : वेग कोणाचा धरायचा आणि खायचे केव्हा? हे प्रश्न शतकाहून जुने आहेत. पहिल्याच्या उत्तरांतून तर युरोपात दोन स्वतंत्र परंपरा जन्मल्या.

२.
१८९१ साली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेरों याने ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. त्याचा प्रतिस्पर्धी जिएल-लावाल झोपलेला असताना तेरों पुढे निघून गेला. हा एकट्याचा पराक्रम होता. मागे राहिलेल्याचे काय, हा प्रश्न शर्यतीत उद्भवतच नाही.

३.
तो उद्भवला तो इटलीत. १२ जून १८९७ रोजी बारा सायकलस्वार रोमहून नेपल्सकडे निघाले. २३० किलोमीटरचे अंतर सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात कापायचे होते. नऊ जण पोहोचले. अशा धाडसी स्वारांना ‘ऑडॅक्स’ म्हणू लागले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच धाडसी असा आहे.

४.
१९०४ साली ‘टूर द फ्रान्स’चा जनक आंरी देग्रांज याने ही कल्पना फ्रान्समध्ये रुजवली. येथे गटाला कप्तान असे. त्याच्या पुढे कोणी जायचे नाही आणि सर्वांनी एकत्रच पोहोचायचे, असा दंडक होता. पुढे या परंपरेत ताशी २२.५ किलोमीटरचा वेग रूढ झाला. बलवानाला आवर आणि दुर्बळाला आधार, असा हा दुहेरी नियम होता.

५.
१९२१ मध्ये देग्रांज आणि ऑडॅक्स क्लब पारिझियां यांचे बिनसले. क्लबने मुक्त वेगाच्या स्वाऱ्या सुरू केल्या. प्रत्येकाने आपल्या गतीने जावे, मात्र ठरलेल्या मुदतीत पोहोचावे. आज भारतातही होणारी २०० किलोमीटरची ‘ब्रेव्हे’ याच शाखेची. तिची मुदत साडेतेरा तास. कप्तानाचा वेग पाळणारी जुनी शाखाही टिकून आहे.

६.
कप्तानाच्या नियमामागे भौतिकशास्त्र आहे. सपाट रस्त्यावर स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट केला, तर हवेविरुद्ध लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्याचे श्रम बरेच वाचतात. म्हणून पुढे राहण्याची पाळी आलटून पालटून घेतात. पावसाळ्यात कोल्हापूरकडे जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, तेव्हा हा हिशेब पायांनाच कळतो.

७.
खाण्याचे उत्तर मिळायला मात्र १९२४ साल उजाडावे लागले. बोस्टन मॅरेथॉन संपवणाऱ्या धावपटूंचे रक्त डॉक्टरांनी तपासले. गळून गेलेल्यांच्या रक्तातील साखर फार खाली आली होती. पुढील वर्षी धावपटूंना वाटेतच गोड खायला दिले, तेव्हा ती घसरण टळली. स्नायूंत आणि यकृतात साठलेले ग्लायकोजेन काही तासांच्या कष्टात संपते. भूक लागल्यावर खाणे म्हणजे उशिरा खाणे.

८.
दीर्घ श्रमांत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे आजचे क्रीडाशास्त्र सांगते. त्यासाठी परदेशी पाकिटेच हवीत असे नाही. तासगावच्या परिसरातला पन्नास ग्रॅम बेदाणा सुमारे चाळीस ग्रॅम कर्बोदके देतो, आणि त्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज दोन्ही असतात. दोन्ही शर्करा आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषल्या जातात. गुळातूनही दोन्ही मिळतात. घामासोबत जाणाऱ्या मिठासाठी पाण्यात चिमूटभर मीठ टाकावे.

९.
२०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. एक भाऊ सायकलवर असताना दुसऱ्याने खायचे आणि विसावायचे, अशी या स्पर्धेतील जोडीची रीत. गटाने पाळी बदलण्याचेच हे दोघांपुरते रूप होय.

१०.
कुपवाडच्या गटाला यातून दोन साधे नियम मिळतात. गट फुटू द्यायचा नसेल, तर वेग सर्वांत मागच्याला झेपेल तोच धरावा. आणि दर अर्ध्या तासाने, भूक असो वा नसो, बेदाण्यांची मूठ तोंडात टाकावी. परतीच्या वाटेवर हातकणंगले ओलांडताना कोण टिकले, हे बहुधा कोल्हापूरला जातानाच ठरलेले असते.